निकामी फुप्फुसे आणि मेंदूतील रक्तस्राव

मनुष्याच्या फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या अतिशय पातळ भिंतींच्या एका अंगास हवा आणि दुसऱ्या अंगास रक्त असते. या भिंतींतूनच प्राणवायू रक्तात शिरतो व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुदोष अथवा मोठा अपघात यांमुळे या भिंती कधी कधी झिरपू लागतात आणि वायुकोश द्रवाने भरून जातात. मग छाती हलत असूनही रोगी गुदमरतो. अमेरिकेतील अॅशबॉ, बिगेलो, पेटी व लेव्हिन या वैद्यांनी १९६७ साली बारा रोग्यांच्या आधारे या अवस्थेचे वर्णन केले. तिला येथे ‘तीव्र श्वसनसंकट’ म्हणू.

अशा रोग्यास अतिदक्षता विभागात ठेवून यंत्राने श्वास द्यावा लागतो. परंतु यंत्राने जोराने भरलेली हवा आधीच जर्जर झालेल्या फुप्फुसांना आणखी इजा करते. इ. स. २००० मध्ये अमेरिकेत ८६१ रोग्यांवर झालेल्या चाचणीत हे निर्विवाद सिद्ध झाले. शरीराच्या दर किलोग्रॅम प्रमाणित वजनामागे १२ मिलिलिटरचा श्वास दिलेल्या गटात सुमारे ४० टक्के रोगी दगावले. ६ मिलिलिटरचा श्वास दिलेल्या गटात ३१ टक्के. तेव्हापासून लहान श्वास हाच उपचाराचा पाया ठरला.

मात्र श्वास लहान केला की कार्बन डाय-ऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. तो रक्तात साचतो. त्यावर एक युक्ति निघाली. मोठ्या शिरेत नळी घालून रक्त शरीराबाहेर आणावयाचे, कृत्रिम पटलावरून फिरवून त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड काढून घ्यावयाचा व रक्त परत शरीरात सोडावयाचे. म्हणजे फुप्फुसांना याहूनही लहान श्वास पुरेल. तर्क बिनतोड होता. ब्रिटनमध्ये या युक्तीची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ११२० रोगी घेण्याचा बेत होता. परंतु लाभाची चिन्हे न दिसल्याने ४१२ रोग्यांनंतरच ती थांबविण्यात आली. नव्वद दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. यंत्र लावलेल्या गटात मात्र नऊ रोग्यांच्या कवटीच्या आत रक्तस्राव झाला. दुसऱ्या गटात एकाच्याही नाही.

फुप्फुसांच्या उपचाराची झळ मेंदूला का लागावी? पहिले कारण असे की, रक्त परक्या पृष्ठभागास लागताच गोठू पाहते. ते गोठू नये म्हणून हेपॅरिनसारखे औषध द्यावे लागते, आणि त्याचा परिणाम यंत्रातल्याप्रमाणे सर्व शरीरातील रक्तावर होतो. दुसरे कारण यंत्रातील घर्षणाचे. त्यामुळे रक्तबिंबिका घटतात, आणि त्यांना जखमेवर चिकटविणारे फॉन विलेब्रांड घटकाचे मोठे रेणू तुटतात. तिसरे कारण खुद्द कार्बन डाय-ऑक्साइड होय. तो वाढला की मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात व घटला की आकुंचन पावतात, हे केटी व श्मिट यांनी १९४८ मध्येच मनुष्यांत मोजून दाखविले होते. कित्येक तास साचलेला हा वायू यंत्राने एकाएकी उतरविला तर मेंदूतील रक्तप्रवाहास मोठा हिसका बसतो. म्हणूनच अनुभवी वैद्य यंत्रातील वायूचा झोत हळूहळू वाढवितात.

अन्य अवयवांतून रक्त वाहिले तर ते बहुधा दिसते, किंवा रक्त देऊन तूट भरून काढता येते. कवटी ही मात्र बंद पेटी आहे. तिच्यात थोडेसे रक्त साठले तरी मेंदू दाबला जातो. त्यातून हा रोगी गुंगीत असतो. डोके दुखते, हात उचलत नाही, हे सांगण्यास तो असमर्थ असतो. त्यामुळे परिचारिकेने ठराविक वेळाने पापणी उघडून बाहुलीवर उजेड टाकणे या साध्या कृतीस येथे फार मोल आहे. एक बाहुली रुंदावली किंवा उजेडाने आकसली नाही, तर तातडीने मेंदूचे सीटी चित्रण करावे लागते. रक्तस्राव आढळल्यास गोठणरोधक औषध थांबवावे लागते, आणि मग यंत्रात गुठळी होण्याची भीती उभी राहते.

याचा अर्थ शरीराबाहेरील यंत्रे टाकाऊ आहेत असा नव्हे. रक्ताला प्राणवायूही पुरविणाऱ्या मोठ्या यंत्राची २४९ अत्यवस्थ रोग्यांवरील आंतरराष्ट्रीय चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. यंत्र दिलेल्या गटात साठ दिवसांत ३५ टक्के, तर दुसऱ्या गटात ४६ टक्के रोगी दगावले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही, तरी तो दुर्लक्षण्याजोगाही नव्हता. मात्र रक्त देणे भाग पडावे इतका रक्तस्राव यंत्राच्या गटात ४६ टक्के रोग्यांना झाला; दुसऱ्या गटात २८ टक्क्यांना.

तेव्हा ज्याची फुप्फुसे लहान श्वास आणि पालथे निजविणे यांसारख्या उपायांनी तग धरू शकतात, त्याच्यासाठी यंत्राचा धोका पत्करणे रास्त नाही. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच उरला नाही, त्याच्यासाठी तो पत्करावा लागतो. या दोघांतील भेद ओळखणे यंत्राला साधत नाही. ते काम रोग्याच्या उशाशी उभ्या असलेल्या वैद्याचे आहे.