शेणाने सारवलेल्या भिंतीवरची चित्रे



पोर वहीच्या मागच्या पानावर बैल काढत बसले, की ‘रिकामा उद्योग सोड’ असे आपण चटकन म्हणतो. चित्रकला हे शहरातल्या पैसेवाल्यांचे काम, असा आपला समज. कुंडलकरांनी तरी तो बाळगू नये. आपले कुंडल पूर्वी औंध संस्थानात होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत. त्यांनी १९३८ साली उभारलेले संग्रहालय औंधला आजही आहे. तुम्ही म्हणाल, ते राजे होते, आमचे काय? म्हणून आज एका शेतकरी चित्रकाराची माहिती देतो.

भाताच्या खाचरातला चित्रकार

जिव्या सोमा म्हसे हे डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली शेतकरी. लहानपणीच आई गेली आणि मुलाचे बोलणे बंद झाले. जे सांगायचे ते तो धुळीत रेघा ओढून सांगे. वारल्यांमध्ये लग्नाच्या वेळी सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. बायकांची ही कला त्यांनी हाती घेतली. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्या भागात कागद घेऊन आले आणि म्हसे यांचे काम जगापुढे आले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांची मुले सदाशिव आणि बाळू हीही चित्रकार झाली.

त्यांनी काढले काय? भाताची लावणी, मळणी, मासे धरायचे जाळे, मुंग्यांची रांग, तारप्याभोवती फेर धरणारी माणसे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड झाले. वर वाटोळे डोके, काडीसारखे हातपाय. म्हणजे घर आणि शिवार, एवढेच त्यांचे विषय. तेच विदेशातील लोकांनी वाखाणले.

साहित्य घरचेच

भिंत शेणाने सारवून वाळू द्यावी, वर गेरूचा हात द्यावा. तांदूळ भिजवून बारीक वाटावेत, पाणी घालून सरबरीत करावेत, थोडा डिंक मिसळावा. बांबूच्या काडीचे टोक ठेचले की कुंचला तयार. भिंत नसेल तर पेन्सिल आणि जुनी वही पुरे.

विषयांना तोटा नाही. आजीचा चेहरा, गोठ्यातली गाय, विहिरीचे थारोळे, उसाचा फड, द्राक्षाचा मांडव, गावाजवळचा डोंगर. मोट गेली, बैलही कमी झाले. ज्यांनी ते पाहिले ती माणसे घरात आहेत तोवर त्यांना विचारून मुलांनी ते कागदावर उतरवावे. पुढे विचारायला कोणी उरणार नाही.

आणखी एक फायदा माझ्या खात्याचा. पान काढायचे तर ते नीट पाहावे लागते. ज्याने द्राक्षाचे पान दहा वेळा काढले, त्याला पानावरचा करप्याचा पहिला ठिपका इतरांच्या आधी दिसेल.

शेवटी एक विनंती. ही कला मुळात बायकांची. म्हणून कागद मुलाला द्याल तसा मुलीलाही द्या. भांडी आणि धुणे यांतून तिला रोज अर्धा तास मोकळा मिळू द्या.