कोल्हापूरचे बेंच आणि बारावीचा वर्ग

मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले आणि सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची वारी चुकली. त्यासाठी या भागातील वकिलांनी वर्षानुवर्षे केलेली आंदोलने सर्वांच्या स्मरणात आहेत. मागणी पदरात पडली. आता तिच्या पुढचा प्रश्न विचारावयास हवा. या बेंचपुढे उद्या उभे राहणारे वकील कोठून येणार? वाई, विटा, मिरजेच्या मुलामुलींतून, की पुण्यामुंबईहून रात्रीच्या गाडीने? त्याचा निकाल बऱ्याच अंशी बारावीच्या वर्षीच लागतो, कारण विधी शिक्षणाची वाट आता प्रवेशपरीक्षेतून जाते.

पूर्वी ती तशी जात नव्हती. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगलीत आहे. वडील न्यायालयात बेलिफ. ते लवकर गेले आणि घर हलाखीत चालले. तरीही हा मुलगा कोल्हापुरातून बी. ए. झाला, पुण्याच्या लॉ कॉलेजातून १९४१ साली एलएल. बी. झाला आणि कराडात वकिली करू लागला. त्याला फीची चिंता होती, प्रवेशपरीक्षेची नव्हती. अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पदवीपर्यंत पोचणारेच तेव्हा मूठभर होते आणि पुढेही, गुणांवर प्रवेश मिळत असताना, एका विद्यापीठाच्या गुणांची दुसऱ्याच्या गुणांशी तुलना करणे हा अंदाधुंदीचाच व्यवहार होता. महाराष्ट्राने २०१६ साली विधी अभ्यासक्रमांसाठी सामाईक परीक्षा आणली, ती या दृष्टीने गैर म्हणता येणार नाही.

मात्र आज विद्यार्थ्यापुढे एक नव्हे, दोन दारे आहेत. राज्याच्या सीईटीचे दार बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अशा दोन्ही अभ्यासक्रमांकडे उघडते. ती मराठीतून देता येते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालयापासून पुण्याच्या आयएलएसपर्यंतचे प्रवेश याच मार्गाने होतात. दुसरे दार राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे. बंगळुरूला १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या प्रयोगातून ही विद्यापीठे वाढली. २००८ साली त्यांतील सात विद्यापीठांनी एकत्र येऊन क्लॅट ही परीक्षा सुरू केली. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील आपल्या राज्याच्या तीन विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी जागा राखीव आहेत, पण त्यांचाही मार्ग क्लॅटमधूनच जातो. ही परीक्षा फक्त इंग्रजीत होते.

क्लॅटला कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही. सुमारे साडेचारशे शब्दांचे उतारे द्यावयाचे आणि त्यांवर प्रश्न विचारावयाचे, असे तिचे २०२० पासूनचे स्वरूप आहे. सध्या दोन तासांत १२० प्रश्न सोडवावे लागतात. म्हणजे उतारा वाचण्याचा वेळ धरून प्रश्नामागे एक मिनिट. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण कापला जातो. यात बुद्धीची कसोटी आहे हे मान्य केले, तरी तिच्याआधी वाचनाच्या वेगाची कसोटी लागते, आणि इंग्रजी वाचनाचा वेग हा घरी येणाऱ्या वृत्तपत्रावर व शाळेच्या माध्यमावर अवलंबून असतो. हा वेग पैसे देऊन विकत घेता येतो, म्हणून त्याची बाजारपेठ उभी राहिली. केवळ अर्जाचेच शुल्क सर्वसाधारण गटाला ४,००० रुपये आहे. त्यावर क्लासची फी, आणि यश मिळालेच तर वर्षाला दोन-तीन लाखांच्या घरातील खर्च. तालुक्याच्या गावी राहणारा कारकून हा हिशेब मुलीने अर्ज भरण्याआधीच करून मोकळा होतो.

मग क्लॅट मराठीतून घ्यावी काय? २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात भारतीय भाषांसाठी याचिका झाली आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाने अनुकूलता दर्शविली. तथापि डिसेंबर २०२५ची परीक्षाही इंग्रजीतच झाली. मागणी रास्त असली तरी तेवढ्याने भागणार नाही. या विद्यापीठांतील अध्यापन इंग्रजीत चालते आणि राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. मराठीतून आत घेतलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी इंग्रजी व्याख्यानापुढे एकटे सोडले, तर त्याची फसवणूकच होईल.

याची दुसरी बाजू सहसा बोलली जात नाही. महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा १९९८च्या अधिसूचनेपासून मराठी आहे. फिर्याद, साक्षीदाराची जबानी, सातबारा, फेरफार, जुने खरेदीखत हे सारे मराठीत असते. अपिलात तेच कागद वर जातात. भाऊबंदकीच्या दाव्यात फेरफाराची नोंद नेमकी काय सांगते, हे खटाव किंवा जतच्या शेतकऱ्याच्या मुलाला अनुवादकावाचून कळते. कोल्हापूरच्या बेंचला दोन्ही भाषांत वावरणारा वकील हवा आहे. त्यातील अर्धी विद्या या मुलांच्या अंगी आहे, पण क्लॅट तिला एक गुणही देत नाही. आणि जी अर्धी नाही, ती शिकविण्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

ती कनिष्ठ महाविद्यालयांनी घ्यावयास हवी. आठवड्याला दोन तास, इंग्रजी दैनिकातील एक लेख, घड्याळ लावून वाचन आणि त्यावर चर्चा, यासाठी नवी इमारत लागत नाही की अनुदान लागत नाही. इंग्रजीचा आणि राज्यशास्त्राचा प्राध्यापक एकत्र बसले तरी पुरे. सातारा, सांगलीतील विधी महाविद्यालयांनी आपले वरच्या वर्गातील विद्यार्थी या तासांना पाठवावेत. शिकविणाऱ्याचाही त्यात फायदा आहे. कमवा आणि शिका या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या योजनेवर वाढलेल्या मुलुखात ही सूचना कोणाला अवघड वाटू नये. ज्यांना पाच वर्षांचा खर्च झेपत नाही, ते पदवीनंतर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जातील. त्यांनाही हे वाचन उपयोगी पडेल, कारण राज्याच्या सीईटीतही इंग्रजीचा विभाग आहेच.

प्रश्न वेळेचा आहे. अलीकडे क्लॅट डिसेंबरात होते आणि बारावीची परीक्षा त्यानंतर फेब्रुवारीत. जूनमध्ये अकरावीत पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत अठरा महिने मिळतात. पुण्यातील मुलगा ते पहिल्या दिवसापासून मोजू लागतो. कोरेगावच्या किंवा तासगावच्या मुलीला या परीक्षेचे नाव बारावीचा निकाल लागल्यावर कळते, आणि तोवर त्या वर्षीचे प्रवेश होऊन गेलेले असतात.