मल्टिपल स्क्लेरॉसिस : संप्रेरके आणि प्रतिकारयंत्रणेचे नियमन

प्रस्तावना :
मल्टिपल स्क्लेरॉसिस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायेलिन या आवरणावरच हल्ला करते. परिणामी दृष्टी, तोल व हालचाल बाधित होते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो. साहजिकच लैंगिक संप्रेरकांच्या भूमिकेकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले. प्रस्तुत लेखात या संशोधनाचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

गर्भावस्थेतील निरीक्षणे :
एकेकाळी अशा रुग्ण स्त्रियांना गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जाई. कॉन्फाव्रे व सहकाऱ्यांनी १२ युरोपीय देशांतील २५४ स्त्रियांचा केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या समजुतीला धक्का बसला. गर्भधारणेपूर्वीच्या वर्षात दर स्त्रीमागे सरासरी ०.७ असलेले उद्रेकाचे वार्षिक प्रमाण गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीत ०.२ पर्यंत उतरले. प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र ते १.२ पर्यंत चढले.

कारणमीमांसा :
गर्भाची निम्मी जनुके पित्याकडून आलेली असतात. मातेच्या प्रतिकारयंत्रणेने त्याला परके मानून नाकारू नये, यासाठी तिचे स्वरूप गर्भावस्थेत पालटते. दाह वाढविणाऱ्या पहिल्या प्रकारच्या सहायक टी-पेशींचा प्रभाव घटतो व नियामक यंत्रणा बळावते. वारेच्या साहाय्याने निर्माण होणारे एस्ट्रिऑल हे संप्रेरक या बदलातील एक घटक मानले जाते. प्रसूतीनंतर त्याची पातळी झपाट्याने घसरते.

चिकित्सेचे प्रयोग :
२००२ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १० रुग्ण स्त्रियांना रोज ८ मिलिग्रॅम एस्ट्रिऑल दिले. उद्रेक-उपशम प्रकारच्या रुग्णांत एमआरआयमधील सक्रिय व्रण घटले. औषध थांबवताच ते पुन्हा वाढले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६४ स्त्रियांवरील चाचणीत ग्लॅटिरॅमरच्या जोडीने एस्ट्रिऑल दिलेल्या गटात उद्रेकाचे वार्षिक प्रमाण ०.२५, तर तुलनेच्या गटात ०.३७ होते. हा फरक आधी ठरविलेल्या ०.१० या पातळीवर सार्थ ठरला, रूढ ०.०५ या पातळीवर नव्हे. प्रसूतीनंतर संप्रेरके देऊन उद्रेक रोखण्याचा पॉपार्टमस हा युरोपीय प्रयोगही निष्फळ ठरला.

समारोप :
गर्भावस्थेतील संरक्षण अनेक घटकांच्या संयोगातून लाभते. एकच संप्रेरक देऊन ते पूर्णपणे साधता येईल, असे आजवरच्या पुराव्यावरून म्हणता येत नाही. तथापि केवळ या विकारापायी मातृत्व नाकारण्याचे कारण उरलेले नाही. औषधांचे पूर्वनियोजन आणि प्रसूतीनंतरच्या तीन महिन्यांतील दक्षता, हाच या संशोधनाचा व्यावहारिक बोध होय.