मलेरियाची ‘सवय’ किती दिवस टिकते?

‘आम्हाला नाही होत मलेरिया, सवय झालीय.’ सुरगाण्यासारख्या जंगलपट्ट्यातला मित्र असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. हसू नका, त्यात तथ्य आहे. पण थोडंच.

गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. मलेरियाचं तसं नाही. फाल्सिपॅरम हा त्याचा सगळ्यात घातक परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि पेशीवर बाहेरून एक प्रथिन चढवतो. शरीर ते ओळखून अँटिबॉडी बनवेपर्यंत पठ्ठ्या शर्ट बदलतो! असे साधारण ६० शर्ट त्याच्या कपाटात. वर प्रत्येक जातकुळीचं कपाट वेगळं. म्हणून दर आजारपणात शरीर थोडे थोडे शर्ट ओळखायला शिकतं. आधी जीवघेणा मलेरिया टळतो, मग बऱ्याच वर्षांनी तापही येईनासा होतो. परजीवी मात्र रक्तात राहू शकतो. १९६१ मध्ये गांबियात मोठ्या माणसांच्या रक्तातल्या अँटिबॉडी आजारी मुलांना टोचल्या, तर मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले.

पण ही ताकद येते ती वर्षानुवर्षं सतत डास चावत राहिल्यावर, आणि त्या वाटेवर आफ्रिकेत लाखो लहान मुलं दगावली आहेत. आपल्याकडे मलेरिया मुख्यतः पावसाळ्याचा. तेवढ्यावर ‘सवय’ गृहीत धरणं म्हणजे जुगारच. शिवाय गाव सुटलं की ती ओसरू लागते. तुम्ही शिकायला नाशिकला होस्टेलवर, गावातले कितीतरी जण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. परतल्यावर शरीर पूर्वीसारखं तयार असेलच असं नाही. पहिलटकरणीचं तर आणखी अवघड. परजीवी वारेत दडण्यासाठी वेगळाच शर्ट घालतो, जो तिच्या शरीराने कधी पाहिलेलाच नसतो.

आणि ज्याला ‘होत नाही’ त्याचं काय? गडचिरोलीच्या जंगलभागात ताप नसलेल्यांच्या रक्तातही परजीवी सापडले आहेत. त्याला चावलेला डास उद्या शेजारच्या बाळाला चावतो.

तेव्हा ताप आला की आशाताईंना गाठा. बोटातून रक्ताचा एक थेंब, किटवर थोड्याच वेळात रिपोर्ट. व्हायवॅक्स निघाला तर यकृतात लपलेल्या परजीवींसाठी १४ दिवसांच्या गोळ्या असतात (गरोदरपणात त्या देत नाहीत). ताप दोन-तीन दिवसांतच उतरतो. उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात, आणि काही महिन्यांनी तोच मलेरिया डास न चावताही परत येतो.