खालसा, जप्ती, संपादन : तंजावरच्या राणीने शिकवलेला धडा

इंग्रजी शब्दकोशात शेजारीशेजारी नांदणारे काही शब्द न्यायालयाच्या पायरीवर पोहोचताच एकमेकांपासून फार दूर जातात. ‘सीझर’ म्हणजे बळाने ताब्यात घेणे. ‘लॅप्स’ म्हणजे हक्क आपोआप संपुष्टात येणे. ‘एस्चीट’ म्हणजे बेवारस मालमत्ता सरकारजमा होणे आणि ‘रिझम्प्शन’ म्हणजे एकदा दिलेले परत घेणे. ज्याची मालमत्ता जाते त्याला चारही शब्दांचा परिणाम सारखाच दिसतो. मराठीने तर संस्थानांच्या बाबतीत या साऱ्यांची बोळवण ‘खालसा’ या एकाच शब्दात केली. परंतु गेलेल्या मालमत्तेसाठी दाद मागता येईल की नाही, हे यांपैकी कोणता शब्द लागू पडतो यावरच ठरते. तंजावरच्या भोसले घराण्यातील एका राणीला हे फार मोठी किंमत देऊन कळले.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात कावेरीच्या खोऱ्यात स्थापन केलेले हे राज्य १७९९ च्या तहाने नाममात्र उरले. दुसऱ्या सरफोजींनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. त्यांच्याकडे राहिला तंजावरचा किल्ला व भोवतालचा थोडा प्रदेश, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी २९ ऑक्टोबर १८५५ रोजी निधन पावले. त्यांना मुली होत्या, पुत्र नव्हता. पुरुष वारस नाही म्हणून राज्य संपले, असा निर्णय कंपनीने घेतला आणि १८५६ मध्ये तिचे अधिकारी फोर्ब्स यांनी शिपायांसह राजवाड्याचा ताबा घेतला. राज्याबरोबर राजाची खासगी मालमत्ताही गेली.

थोरल्या राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यांनी राज्य परत मागितले नाही. राज्य गेले असेल, पण पतीची खासगी मालमत्ता हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे विधवांकडेच आली पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हा भेद मराठी दरबारांना नवा नव्हता. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ यांचे हिशेब वेगळे असत. एक राज्याचे, दुसरे घराण्याचे. मद्रासच्या न्यायालयाने राणीच्या बाजूने निकाल दिला.

कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेली. १८५९ मध्ये लॉर्ड किंग्जडाउन यांनी निकाल देताना प्रश्नाची मांडणी अशी केली : ही मालमत्ता मृत राजाची म्हणून, कायद्याने मिळालेल्या हक्काच्या नावाखाली, वारसांचे हित राखून ताब्यात घेतली गेली, की एका सत्तेने दुसऱ्या सत्तेचे राज्य आणि धन बळाच्या जोरावर हस्तगत केले? पहिले उत्तर खरे असते तर न्यायालयाला तो हक्क तपासता आला असता. न्यायमूर्तींनी दुसरे उत्तर स्वीकारले. हे ‘अ‍ॅक्ट ऑफ स्टेट’, म्हणजे राज्यसत्तेचे कृत्य ठरले आणि ते न्याय्य होते की अन्याय्य, हे पाहण्याचा अधिकारच न्यायालयाला उरला नाही. कंपनीने कायद्याचा आधार घेतला असता तर तिला त्याचे उत्तर द्यावे लागले असते. आधार घेतला नाही, म्हणून ती उत्तरातून सुटली. बळ जितके उघडे, तितका न्यायालयाचा हात आखूड, असा हा विलक्षण न्याय होता.

शब्दांचे हे प्रकरण तेथेच संपले नाही. १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता विधवांना परत दिली आणि तिचा कारभार थोरल्या राणीकडे सोपवला. आता कारभार म्हणजे मालकी की नुसती व्यवस्था, हा वाद राण्यांमध्येच उभा राहिला. १८६८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात विधवांचा हक्क संयुक्त मानला गेला आणि एका पतीच्या अनेक विधवांच्या वारसाबाबत तो निकाल पुढे दीर्घकाळ आधार म्हणून सांगितला जात राहिला.

साम्राज्य गेल्यावर ‘अ‍ॅक्ट ऑफ स्टेट’ हा शब्दही जायला हवा होता. तसे झाले नाही. विलीन झालेल्या संत संस्थानच्या राजाने दिलेले जंगलाचे हक्क नव्या सरकारवर बंधनकारक आहेत काय, हा प्रश्न १९६४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे आला. बहुमताने उत्तर नकारार्थी आले आणि आधार होता तोच सिद्धान्त : नव्या सत्तेने मान्य केले तेवढेच जुने हक्क टिकतात. प्रजासत्ताकाच्या नागरिकांना तंजावरच्या राणीचे उत्तर मिळाले.

संविधानातही एका शब्दाने दुसऱ्याची जागा घेतली की काय होते, हे आपण पाहिले आहे. १९७१ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेच्या अनुच्छेदातील ‘कॉम्पेन्सेशन’ काढून ‘अमाउंट’ हा शब्द घातला. भरपाई म्हटले की ती नुकसानीच्या तोलाची आहे काय, हे विचारता येते. रक्कम म्हटले की तो प्रश्न विचारण्याची वाट अरुंद होते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच गेला आणि अनुच्छेद ३००-क उरला : कायद्याच्या अधिकाराविना कोणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या त्रोटक वाक्यातून सात हक्क उलगडून दाखवले. नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन आणि न्याय्य भरपाई हे त्यांतील प्रमुख होत. १८५९ मध्ये बंद झालेले दार असे हळूहळू किलकिले होत आहे.

मराठी वाचकासाठी हा इतिहास दूरचा नाही. महाराष्ट्रात उन्हाळ्यात टँकर भरण्यासाठी खासगी विहीर ‘अधिग्रहित’ होते. ती ठरावीक काळापुरती वापरली जाते, तिचा मोबदला मिळतो आणि मालकी शेतकऱ्याचीच राहते. रस्त्यासाठी जमीन जाते तेव्हा तिचे ‘संपादन’ होते आणि ती कायमची जाते. इंग्रजीतील ‘रिक्विझिशन’ आणि ‘अ‍ॅक्विझिशन’ यांच्यातला हाच भेद. हिंदीत मात्र जमीन कायमची घेण्यालाच ‘अधिग्रहण’ म्हणतात आणि तो शब्द जसाच्या तसा मराठी बातम्यांत उतरू लागला आहे. परत मिळणारी विहीर आणि परत न मिळणारे शेत एकाच शब्दात बसवले, तर नोटीस हाती घेऊन उभ्या असलेल्या माणसाने काय समजावे?

म्हणून सरकारी कागद हाती आला की रकमेच्या आकड्याआधी त्यातले क्रियापद वाचावे. घेतले, घेण्यात आले, संपादित केले, अधिग्रहित केले, जप्त केले : यांपैकी प्रत्येकाला वेगळे उत्तर आहे आणि एखाद्याला उत्तरच नाही. तंजावरच्या राणीचा हक्क खरा होता की खोटा, हे लंडनमध्ये कोणी तपासलेच नाही. सत्तेच्या कृत्याला जे नाव मिळाले, त्याने तो प्रश्नच मिटवून टाकला.