मालमोटार आणि रस्त्यावरील तिचे सोबती

शेतातील धान्य, कारखान्यातील पोलाद आणि घरोघरी लागणारे मीठ-साखरेसारखे जिन्नस यांचा मोठा भाग आज मालमोटारींतून, म्हणजे ज्यांना आपण ट्रक म्हणतो त्या वाहनांतून, देशभर जात असतो. त्याच रस्त्यांवरून सायकलवर शाळेत जाणारा मुलगा, मोटारसायकलवरील जोडपे आणि पायी चालणारा वाटसरूही जातो. २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी शेकडा ४४ माणसे दुचाकी वाहनांवर होती. मालमोटारीच्या चालकाने काळजी घ्यावी, हे म्हणणे योग्यच आहे. परंतु तेवढे पुरेसे नाही. मालमोटारीच्या काही मर्यादा तिच्या वजनातून, लांबीतून आणि उंचीतून उत्पन्न होतात, आणि चालक कितीही कुशल असला तरी त्या नाहीशा होत नाहीत. या मर्यादा ज्याला ठाऊक असतात, त्याला तिच्यापासून किती दूर राहावे हे आपोआप कळते.

थांबण्यास लागणारे अंतर

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही एक सेकंद तरी लागतो. तेव्हा हे १७ मीटर लहानमोठ्या सर्वच वाहनांच्या वाट्याला येतात. फरक पडतो तो त्यापुढे. मोटारगाडीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात व जवळजवळ तत्काळ लागतात. मोठ्या मालमोटारीचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. ही हवा नळ्यांतून चाकांपर्यंत पोहोचून पुरता दाब निर्माण होण्यास सुमारे अर्धा सेकंद जातो, आणि तेवढ्यात गाडी आणखी ८ मीटर पुढे गेलेली असते.

ब्रेक लागल्यावर मोटारगाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदी ७ मीटरने आणि भरलेल्या मालमोटारीचा साडेचार मीटरने कमी होतो, असे समजू. या हिशेबाने मोटारगाडी एकूण सुमारे ३७ मीटरांत थांबते. मालमोटारीला मात्र सुमारे ५६ मीटर लागतात. म्हणजे दोहोंत १९ मीटरांचे अंतर पडते. मालमोटारीचा चालक आपल्यापुढे जी मोकळी जागा राखतो, ती याच कारणासाठी असते. तिला मागे टाकून त्या जागेत शिरणारा आणि लगेच ब्रेक दाबणारा मोटारसायकलस्वार स्वतःच्या रक्षणासाठी ठेवलेली जागाच नाहीशी करतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. रस्ता ओला असला तर ते आणखी वाढते.

घाटातील उतार

घाटात प्रश्न केवळ अंतराचा राहत नाही. तेथे उष्णतेचाही विचार करावा लागतो. २०१८ साली ठरविलेल्या मर्यादेप्रमाणे तीन आसांच्या मालमोटारीचे मालासह वजन २८.५ टन असू शकते. अशी गाडी एखाद्या घाटातून ५०० मीटर खाली उतरली, तर सुमारे १४ कोटी जूल इतकी ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते. तेवढ्या उष्णतेने चारशे लिटरांहून अधिक पाणी उकळेल. हा सगळा भार ब्रेकवर पडला, तर ब्रेकचे ड्रम तापून प्रसरण पावतात, त्यांवर घासणाऱ्या पट्ट्यांचे घर्षण कमी होते आणि पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. म्हणून जाणता चालक खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवितो आणि वेग आवरण्याचे काम बरेचसे इंजिनाकडून करून घेतो. इंधन वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी उतारावर सोडणे हे या दृष्टीने अत्यंत घातक आहे. बोरघाटात अथवा कसारा घाटात मालमोटार संथपणे उतरताना दिसली, तर मागून भोंगा वाजवून चालकास उतावीळ करू नये. त्याचा संथपणा हेच इतरांचे संरक्षण असते.

चालकास न दिसणाऱ्या जागा

उंचावर बसलेल्या चालकास दूरचा रस्ता चांगला दिसतो. परंतु जवळच्या काही जागा त्याच्या दृष्टीआड राहतात. गाडीच्या तोंडाशी लागून असलेली जागा, तिच्या अगदी मागची जागा आणि दोन्ही बाजूंचे पट्टे, या त्या जागा होत. आपल्या देशात चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे डावीकडचा पट्टा अधिक मोठा असतो. क्लीनर बरोबर असला तर तो त्या बाजूचे पाहून सांगतो. तो नसेल तेव्हा आरशांवरच भिस्त असते. मालमोटारींच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' असे लिहिण्याची रीत देशभर पडली होती. भोंगा विनाकारण वाजविण्यास उत्तेजन मिळते म्हणून महाराष्ट्रात २०१५ साली तिला मनाई करण्यात आली. यासाठी एक सोपी कसोटी आहे: मालमोटारीच्या आरशात चालकाचा चेहरा आपणांस दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही, असे समजावे.

वळणावरील फसवी जागा

गाडी वळते तेव्हा मागील चाके पुढील चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूने जातात. पुढील व मागील आसांत ६ मीटर अंतर असून पुढील चाके १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळत असतील, तर मागील चाके सुमारे १.६ मीटर आत सरकतात. म्हणूनच डावीकडे वळावयाचे असताना चालक गाडी प्रथम थोडी उजवीकडे घेतो. त्या वेळी डावीकडे मोकळी जागा पडते आणि सायकलस्वारास ती आपल्यासाठीच आहे असे वाटते. काही क्षणांतच मागील चाके नेमकी त्या जागेवरून जातात. चौकात मालमोटारीच्या डावीकडे कधीही शिरू नये, तिच्या मागे थांबावे, हा नियम यातूनच निघतो.

ध्यानात ठेवण्याजोगे

मालमोटारीमागून जाताना पुरेसे अंतर राखावे. ती रस्त्यालगतच्या एखाद्या झाडापाशी पोहोचली की मोजण्यास आरंभ करावा. आपण त्या झाडापाशी येण्यास निदान तीन सेकंद लागले पाहिजेत. ताशी ६० किलोमीटर वेगाला हे अंतर ५० मीटर होते. पावसात व धुक्यात ते आणखी वाढवावे. रात्री रस्त्याच्या कडेला दिव्यांवाचून उभी असलेली मालमोटार जवळ येईपर्यंत दिसत नाही. तेव्हा आपल्या दिव्याचा प्रकाश पोहोचतो तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. पायी चालणाऱ्याने उभ्या मालमोटारीच्या अगदी पुढून रस्ता ओलांडू नये. चालकानेही गाडी हलविण्यापूर्वी खाली उतरून सभोवार पाहावे आणि मागचे दिवे व परावर्तक पट्ट्या स्वच्छ ठेवाव्यात. मालमोटार एकदम थांबू शकत नाही आणि तिच्या चालकास सर्व काही दिसत नाही, या दोन गोष्टी शाळकरी मुलापासून वृद्धापर्यंत प्रत्येकास ठाऊक असतील, तर अनेक जीव वाचतील.