बॉडी चढवण्याआधी इंजिन किती चालवावं?

आजच्या विषयात 'जुनी जीप' हे शब्द वाचून काहींना वाटलं असेल, की मी थिसियसच्या जहाजाबद्दल बोलणार. सगळे भाग बदलले तर वस्तू तीच राहते का, वगैरे. हा प्रश्न मी वर्गात पस्तीस वर्षं शिकवला आणि, खरं सांगतो, मला त्याचा कंटाळा आलाय. आज जीपबद्दलच बोलायचंय. नवीन बांधलेलं इंजिन 'तयार झालं' असं कधी म्हणायचं, एवढाच प्रश्न. तो मला माझ्याच चुकीमुळे पडला.

जीप माझ्या थोरल्या भावाची. सातारा जिल्ह्यात आमची शेती, तिथे ती दादानं तीस वर्षं वापरली. दादा गेल्यावर ती गोठ्याशेजारी उभीच होती. निवृत्त झाल्यावर मी ती उतरवायला काढली. इंजिन चार सिलिंडरचं, 2.2 लिटरचं, पेट्रोल. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली, त्याच घराण्यातलं. ब्लॉक बोअर केला, पिस्टन-रिंगा नव्या, क्रँक ग्राइंड करून बेअरिंगं नवी, कॅमशाफ्ट आणि टॅपेटही नवे.

आता जीपचं एक बरं असतं. तिला चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी. आपल्या पद्मिनीचं तसं नाही, तिथे बॉडी हाच सांगाडा. जीपची बॉडी बोल्ट काढून चार माणसांनी उचलून बाजूला ठेवली, की खाली चेसिसवर इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, चाकं असं सगळं उघडं. त्यामुळे इंजिन तिथेच सुरू करून बघता येतं. पेट्रोलची टाकी मात्र बॉडीबरोबर जाते, कारण ती ड्रायव्हरच्या सीटखाली असते. डॅशबोर्डही जातो. मग पेट्रोलसाठी वेगळा डबा, बॅटरी जमिनीवर, स्विचची तात्पुरती वायर, ऑइल प्रेशरचा काटा एका फळीवर ठोकलेला. आणि अर्थिंग! बॉडी नसल्यावर ही पट्टी हमखास विसरते. बॅटरीची निगेटिव्ह थेट इंजिनला जोडा. डबा सायलेन्सरपासून लांब ठेवा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी असू द्या, आणि हे काम बंद शेडमध्ये करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही.

बॉडीआधी सुरू करायचं कशासाठी? गळती शोधायला. मागचं ऑइल सील, चेंबरचं गॅस्केट, पाण्याचे पाइप, सगळं बॅटरी मारून बघता येतं आणि पान्याला जागा मिळते. जीपचं इंजिन तसं बॉडी असतानाही पुढची जाळी काढून बाहेर येतं, अशक्य काही नाही. पण नव्या रंगावरून साखळी-कप्पी कोण नेणार?

दुसरं कारण कॅमशाफ्ट. हे जरा सावकाश सांगतो. कॅमच्या उंचवट्यावर टॅपेटचा तळ घासत फिरतो. आपण त्याला चपटा टॅपेट म्हणतो, पण बहुतेक इंजिनांत तो अगदी किंचित फुगीर असतो, म्हणजे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि एकाच जागी झिजत नाही. नवा कॅम आणि नवा टॅपेट यांची ओळख पहिल्या अर्ध्या तासात होते. ती नीट झाली तर पुढे वर्षानुवर्षं काही होत नाही, नाही झाली तर कॅमचा उंचवटा खरवडून जातो. या जागेला ऑइल पंपाकडून दाबानं मिळत नाही, क्रँक फिरताना उडणाऱ्या शिंतोड्यांवरच सगळं चालतं. आयडलला क्रँक हळू फिरतो, शिंतोडे कमी. म्हणून पहिल्या स्टार्टनंतर इंजिन आयडलवर सोडायचं नाही. पंधराशे ते दोन हजार आरपीएमवर, थोडं वर-खाली करत, वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचं. जीपच्या व्हॉल्व्ह-स्प्रिंगा मोठ्या अमेरिकन व्ही-एट इंजिनांइतक्या कडक नसतात, त्यामुळे धोका कमी, पण नियम तोच. ऑइल मात्र जुन्या इंजिनांसाठीचं, जस्त असलेलं घ्या. नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलंय, कारण त्याच्यासोबतच्या फॉस्फरसनं सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

याचाच अर्थ, इंजिन पहिल्या दोन-चार फेऱ्यांत पकडलं पाहिजे. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 आणि टायमिंग आधीच तपासा. नुसता स्टार्टर मारत बसलात तर कॅमला लावलेली पेस्ट पुसून जाते. आधी प्लग काढून, काटा वर येईपर्यंत फिरवून ऑइल भरून घ्यायचं ते वेगळं, तेव्हा दाबाचा भार नसतो आणि काम लवकर होतं. नवं इंजिन तापतं, म्हणून रेडिएटरसमोर मोठा पंखा लावा. फारच तापलं तर बंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा त्याच वेगावर न्या.

इथपर्यंत सगळं मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे झालं. ते म्हणाले, "सर, आता बंद. हेडचे बोल्ट परत आवळू, टॅपेटचा गॅप बघू, ऑइल बदलू आणि बॉडी चढवू. पुढचं रस्त्यावर."

आणि मी ऐकलं नाही. मला वाटलं, एवढं नवं इंजिन, त्याला एकदम ओझं कशाला? आजारातून उठलेल्या माणसाला जसं अंगणात फिरवतात, तसं रोज संध्याकाळी तासभर आयडलवर चालवावं. बॉडीला रंगारी वेळ लावत होता, महिनाभर हेच चाललं. आवाजही फार गोड यायचा. दादा शेजारी उभा आहे असं वाटायचं, आता लपवून काय करू. मिस्त्री म्हणाले, "सर, हिला लाडावू नका." मी त्यांना प्रेमळपणे युक्तिवाद ऐकवला. युक्तिवादात मी जिंकलो.

बॉडी चढली, पासिंग झालं, आणि सहाशे किलोमीटरमध्ये निळा धूर आणि ऑइलची पातळी खाली.

झालं होतं असं. बोअर केल्यावर सिलिंडरच्या भिंतीला होनिंगनं बारीक तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा मारतात. रेघांची टोकं रिंगांनी घासून जायची असतात, खोलगट भागात ऑइल राहायचं असतं. पण रिंग भिंतीला कशानं दाबली जाते? तिच्या स्वतःच्या ताणानं थोडी, आणि बाकी जळणाऱ्या वायूच्या दाबानं, जो वरच्या रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. हा दाब ओझ्याशिवाय येत नाही. आयडलवर रिंग नुसती सरकते, ऑइल मागे राहतं, जळतं, आणि भिंतीवर काचेसारखा थर बसतो. गॅरेजात त्याला ग्लेझ म्हणतात. एकदा बसला की मग कितीही चालवा, रिंग बसत नाही.

म्हणजे बघा, एकाच इंजिनात दोन जोड्या आहेत आणि दोघींच्या गरजा वेगळ्या. कॅम-टॅपेटला वेग हवा, तो उघड्या चेसिसवर देता येतो. रिंग-सिलिंडरला ओझं हवं, ते उघडी चेसिस देऊ शकत नाही. कुणी म्हणेल, लाकडी खोक्यावर बसून तशीच चेसिस पळवू. त्या हलक्या सांगाड्याचं इंजिनाला काय ओझं होणार? शिवाय हाड मोडायची सोय. ऍरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात गवंड्याचं उदाहरण दिलंय, की घरं बांधूनच माणूस गवंडी होतो. हे मी किती वेळा शिकवलं असेल! आणि इंजिनाला मात्र काम न देता तयार करायला निघालो होतो.

इंजिन पुन्हा उघडलं. पुन्हा होनिंग, पुन्हा नव्या रिंगा, हेड गॅस्केट. कॅम-टॅपेट उत्तम बसले होते, ते ज्याचे त्याच जागी परत घातले, त्यांची अदलाबदल करायची नसते. या वेळी वीस मिनिटांत गळती बघितली, बंद केलं, आणि दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर. टॉप गिअरमध्ये तीसवरून पन्नासपर्यंत जोर देऊन चढवायची, मग पाय काढून गाडीला इंजिनावरच मंद होऊ द्यायचं. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, ऑइल वर येतं आणि घासलेला बारीक चुरा धुऊन नेतं. असं पंधरा-वीस वेळा. तासन्तास एकाच वेगानं चालवायचं नाही, आणि पहिल्या काही शे किलोमीटरांत तिची दमछाकही करायची नाही. आठशेला पुन्हा ऑइल बदललं.

मिस्त्री मागच्या सीटवर बसले होते. आरशात बघत म्हणाले, "सर, धूर नाही."